एक दोष, अनेक नोंदवह्या : मुक्तस्रोत प्रकल्पांतील सामाईक दोषनोंदीची चिकित्सा

सारांश

मुक्तस्रोत आज्ञावली अनेक स्वतंत्र प्रकल्पांच्या सहभागातून वापरकर्त्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे एकच दोष अनेक नोंदवह्यांत वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदला जातो आणि एका ठिकाणी झालेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी कळत नाही. या अडचणीवर सामाईक दोषनोंदीचा उपाय सुचवला गेला. कॅनॉनिकल कंपनीच्या लाँचपॅड या व्यवस्थेतील ‘मॅलोन’ हा त्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग होय. प्रस्तुत लेखात या प्रयोगामागील कल्पनेची चिकित्सा केली असून, २००८ मध्ये उघडकीस आलेले डेबियन-ओपनएसएसएल प्रकरण आणि देवनागरी अक्षरजुळणीचा प्रश्न यांच्या आधारे तिच्या मर्यादा तपासल्या आहेत. नोंद सामाईक करता येते. परंतु जबाबदारी आपोआप सामाईक होत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, दोषनोंदवही, मूळ प्रकल्प, वितरणसंच, लाँचपॅड, देवनागरी

१. प्रस्तावना

मुक्तस्रोत चळवळीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात तो मांडला आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाशी जोडला. संहिता पाहणाऱ्यांची संख्या पुरेशी मोठी असेल तर कोणताही दोष फार काळ दडून राहत नाही, असा त्याचा आशय आहे. हा विचार आकर्षक आहे आणि अनेक प्रसंगी खराही ठरला आहे. तथापि त्यात एक गृहीतक दडलेले आहे. पाहणारे सर्वजण एकाच ठिकाणी पाहत आहेत आणि एकाला दिसलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचते आहे, असे त्यात मानलेले असते.

प्रत्यक्षात तसे नसते. लिनक्सवर आधारित संगणक वापरणाऱ्या व्यक्तीच्या हाती जी प्रणाली येते ती कोणा एका संस्थेने लिहिलेली नसते. तिचा गाभा एका प्रकल्पाचा, चित्रमय पटल दुसऱ्याचा, कार्यालयीन आज्ञावली तिसऱ्याची, अक्षरांचे टंक चौथ्याचे असतात. हे सर्व एकत्र बांधून वापरकर्त्याला देण्याचे काम डेबियन, उबंटू, फेडोरा यांसारखे वितरणसंच करतात. जिथे संहिता लिहिली जाते तो मूळ प्रकल्प आणि जिथून ती वापरकर्त्याला मिळते तो वितरणसंच, अशी ही दोन टोके आहेत. यांपैकी प्रत्येकाची दोषनोंदवही स्वतंत्र असते. म्हणजे डोळे हजारो असले तरी ते वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात. या खोल्यांच्या भिंती पाडता येतील काय, निदान त्यांना खिडक्या ठेवता येतील काय, हा सामाईक दोषनोंदीचा मूळ प्रश्न आहे.

२. दोषनोंदवहीची जडणघडण

आज्ञावलीतील चुकीला संगणकाच्या व्यवहारात ‘बग’ म्हटले जाते. दोषनोंदवहीत अशा प्रत्येक चुकीला क्रमांक दिला जातो. तिचे वर्णन, तिच्यावरील चर्चा, ती कोणाकडे सोपवली आहे आणि तिची सद्यस्थिती काय आहे हे तेथे नोंदले जाते. डेबियनची नोंदवही १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी उभी केली. तिचा सर्व व्यवहार ई-पत्रांद्वारे चालतो. १९९७ मध्ये डेबियनने स्वीकारलेल्या सामाजिक करारात दोष लपवून न ठेवण्याची आणि नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवण्याची हमी दिलेली आहे. नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपली संहिता खुली केली, तेव्हा मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी ‘बगझिला’ ही प्रणाली लिहिली. पुढे ग्नोम, केडीई, रेड हॅट, अपाची अशा अनेकांनी तीच प्रणाली स्वीकारली. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. या सर्वांनी बगझिला वापरली म्हणून त्यांची नोंदवही एक झाली नाही. छापील नमुना एकच, पण वही ज्याची त्याची, असाच हा प्रकार होता.

खुलेपणाची हमी आणि समान साधन या दोन्ही गोष्टी असूनही दुवा जोडण्याचे काम माणसालाच करावे लागे. डेबियनच्या पद्धतीत पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक हा या दोन टोकांमधील दुभाषा असतो. दोष पॅकेज बांधताना शिरलेला आहे की मूळ संहितेतच आहे हे त्याने ठरवायचे. मूळ संहितेत असेल तर तो त्या प्रकल्पाच्या वहीत नोंदवायचा आणि स्वतःच्या वहीत ‘पुढे पाठवला’ अशी खूण करायची. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती केली तर ती परत आणायचीही त्यानेच. शेकडो नोंदी सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवकावर हा सर्व भार असतो आणि त्याच्या श्रमांची मोजदाद कोठेही होत नाही.

३. वापरकर्त्याच्या बाजूने : देवनागरीचे उदाहरण

ही अडचण केवळ तंत्रज्ञांची आहे असे मानणे चूक ठरेल. मराठी लेखनातून घेतलेले एक साधे उदाहरण ते स्पष्ट करू शकेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा र निराळ्या रीतीने लिहिला जातो. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. युनिकोड या अक्षरसंकेतप्रणालीत दुसऱ्या रूपासाठी दोन मार्ग मान्य आहेत. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडणे हा एक. साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देणे हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न असतात.

आता एखाद्या प्राध्यापकाच्या दस्तऐवजात ‘दऱ्या’ हा शब्द चुकीचा उमटतो किंवा शोध घेतला असता सापडत नाही, असे समजू. दोष कोठे आहे? तो टंकात असू शकेल. २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेल्या आणि पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ सांभाळलेल्या ‘लोहित’ टंकांसारख्या एखाद्या संचाची स्वतःची नोंदवही असते. तो अक्षरे जुळवणाऱ्या घटकात असू शकेल, कळफलकावरून अक्षरे घेणाऱ्या घटकात असू शकेल, किंवा लेखनाच्या आज्ञावलीत असू शकेल. कदाचित तो कोणाचाच दोष नसून दोन मार्ग मान्य करणाऱ्या संकेताचा परिणाम असेल. प्राध्यापकाला यातील काहीही ठाऊक नसते आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही रास्त नाही. तो जेथून प्रणाली घेतली तेथे, म्हणजे वितरणसंचाकडे, तक्रार करतो. तेथून ती योग्य घरी पोहोचली नाही तर ती बेवारस पडून राहते.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. इंग्रजी लिपीतील ठळक दोष मूळ प्रकल्पाच्या विकासकाला स्वतःच्या पडद्यावर दिसतो. देवनागरीतील दोष त्याला दाखवून दिला तरी तो दोष आहे हे पटवून द्यावे लागते. म्हणून ज्या भाषांचे विकासक मूळ प्रकल्पांत कमी आहेत त्यांच्यासाठी नोंदींचा प्रवास ही सोयीची नव्हे, अस्तित्वाची बाब ठरते.

४. मॅलोन : कल्पना आणि तिचे सामर्थ्य

या पार्श्वभूमीवर लाँचपॅडचा विचार करावयास हवा. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने उबंटू हा वितरणसंच ऑक्टोबर २००४ मध्ये प्रथम प्रसृत केला. त्याच सुमारास तिने लाँचपॅड ही व्यवस्था उभारण्यास घेतली. भाषांतरासाठी ‘रोझेटा’ आणि दोषनोंदींसाठी ‘मॅलोन’ हे तिचे घटक होते.

मॅलोनमागील कल्पना पूर्वीच्या नोंदवह्यांपेक्षा मूलतः निराळी होती. पारंपरिक वहीत दोष हा प्रकल्पाच्या मालकीचा असतो. प्रकल्प आधी आणि दोष त्याच्या पोटात. मॅलोनने हा क्रम उलटा केला. तेथे दोष ही स्वतंत्र वस्तू मानली गेली आणि ज्या ज्या ठिकाणी तो बाधतो त्या प्रत्येक ठिकाणासाठी तिच्याखाली एकेक ओळ ठेवली गेली. मूळ प्रकल्पाची एक ओळ, उबंटूची एक, डेबियनची एक. वर्णन आणि चर्चा सर्वांची एकच. परंतु स्थिती, महत्त्व आणि जबाबदार व्यक्ती मात्र प्रत्येक ओळीत वेगळी. मूळ प्रकल्पात दुरुस्त झालेला दोष उबंटूच्या जुन्या आवृत्तीत अद्याप शिल्लक आहे, ही वस्तुस्थिती एका दृष्टिक्षेपात कळावी अशी ही मांडणी होती.

शिवाय जे प्रकल्प लाँचपॅडवर नव्हते त्यांच्यासाठी बाहेरच्या वहीवर ‘पहारा’ ठेवण्याची सोय केली गेली. बगझिला, डेबियनची वही, ट्रॅक अशा ठिकाणच्या नोंदींचा दुवा दिला की लाँचपॅड ठरावीक काळाने तेथे डोकावून स्थिती आपल्याकडे उतरवून घेई. पुढे बगझिला आणि ट्रॅक यांच्यासाठी जोडणी-घटक लिहून चर्चेतील टिप्पण्यांची देवाणघेवाणही शक्य करण्यात आली.

या रचनेचे बौद्धिक श्रेय मान्य केले पाहिजे. ‘दोष आहे की नाही’ आणि ‘तो दुरुस्त झाला की नाही’ या प्रश्नांना संदर्भाविना उत्तर नसते, हे तिने नेमके ओळखले होते. एकच घटना दोन ठिकाणी दोन भिन्न निवाड्यांना पात्र असते आणि दोन्ही निवाडे आपापल्या जागी योग्य असू शकतात. वैद्यकात रोग एक, पण प्रत्येक रुग्णाची केसपत्रिका वेगळी असते. तसाच हा विचार होता.

५. मॅलोनच्या मर्यादा

असे असूनही मॅलोन ही मुक्तस्रोत जगाची सामाईक वही झाली नाही. उबंटू आणि काही प्रकल्प तिचा उपयोग करत राहिले. मोठ्या मूळ प्रकल्पांपैकी बहुसंख्य आपापल्या वहीतच राहिले. याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण मालकीचे. सर्वांना सामाईक होऊ पाहणारी ही व्यवस्था दीर्घकाळ स्वतःच बंदिस्त होती. तिची संहिता कॅनॉनिकलने २१ जुलै २००९ रोजी अफेरो जीपीएल परवान्याखाली खुली केली. तोपर्यंतच्या पाच वर्षांत मुक्तस्रोत प्रकल्पांना असे सांगितले जात होते की, त्यांनी आपल्या दोषांचा इतिहास अशा घरात ठेवावा ज्याची किल्ली एका कंपनीजवळ आहे. गावच्या विहिरीला एकाच घराचे कुलूप असावे, तसे हे होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनातील शंका तांत्रिक नव्हती. संहिता खुली झाली तोवर सवयी ठरून गेल्या होत्या.

दुसरे कारण दिशेचे. सामाईक नोंदीचा लाभ आणि तिचा भार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. वितरणसंचाला मूळ प्रकल्पाची माहिती हवी असते, कारण दुरुस्ती तेथून यायची असते. मूळ प्रकल्पाच्या दृष्टीने मात्र वितरणसंचाकडून येणाऱ्या नोंदी म्हणजे बहुधा अपुऱ्या वर्णनांचा लोंढा असतो. जुन्या आवृत्तीतील, आधीच दुरुस्त झालेले किंवा वितरणसंचाने स्वतः केलेल्या बदलांमुळे उद्भवलेले दोष त्यात मिसळलेले असतात. ज्याला लाभ अधिक त्याने व्यवस्था उभारली आणि ज्याच्यावर भार अधिक त्याने तिच्यात यावे अशी अपेक्षा धरली. ही विषमता मॅलोनच्या रचनेत कोठेही हाताळलेली दिसत नाही.

तिसरे कारण प्रतिबिंबाचे. बाहेरच्या वहीवरील पहारा स्थिती उतरवून घेतो, पण स्थितीमागचा विचार उतरवत नाही. एका प्रकल्पात ‘दुरुस्त’ म्हणजे संहितेत बदल झाला असा अर्थ असतो, दुसऱ्यात नवी आवृत्ती प्रसृत झाली असा. शिवाय ज्या वहीकडे बोट दाखवले ती वहीच जागा बदलते. २०१८ मध्ये ग्नोम प्रकल्पाने बगझिला सोडून गिटलॅबचा आश्रय घेतला. अशा प्रत्येक स्थलांतरानंतर इतरांच्या वह्यांतील जुने दुवे एका थांबलेल्या घड्याळाकडे पाहत राहतात.

बगझिलाने २००९ मधील ३.४ या आवृत्तीत दुसऱ्या वहीतील नोंदीचा दुवा देण्यासाठी ‘हेही पाहा’ असा रकाना आणला. मॅलोनच्या तुलनेत ही फारच माफक सोय; परंतु तिने कोणालाही घर बदलायला सांगितले नाही. तिचा स्वीकार का सुकर झाला याचे उत्तर या माफकपणातच आहे.

६. दुवा होता, संदर्भ नव्हता : २००८ चे प्रकरण

वरील मर्यादा व्यवस्थेच्या सोयी-गैरसोयीच्या वाटतील. त्यांची खरी किंमत एका प्रकरणातून समजते. संगणकांमधील गुप्त संभाषणासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या संचाविषयी एप्रिल २००६ मध्ये डेबियनच्या वहीत एक तक्रार नोंदली गेली. व्हॅलग्राइंड हे दोषशोधक साधन ओपनएसएसएलमधील काही ओळींवर हरकत घेत होते. पूर्वी मूल्य न दिलेली स्मृती वापरली जात असल्याची ती सूचना होती. पॅकेज सांभाळणाऱ्याने संबंधित दोन ओळी हेरल्या आणि त्या काढाव्यात काय, अशी विचारणा मूळ प्रकल्पाच्या विकासकांकडे केली. दोषशोधनास मदत होत असेल तर काढण्यास अनुकूल असल्याच्या आशयाचे उत्तर त्याला मिळाले. दोन्ही ओळी काढल्या गेल्या.

त्या दोहोंपैकी एका ओळीतून यादृच्छिकतेची सर्व सामग्री मिश्रणात शिरत होती. ती गेल्यावर गुप्त किल्ली बनवताना बदलणारी गोष्ट एकच उरली : चालू प्रक्रियेचा क्रमांक. त्या क्रमांकाची कमाल मर्यादा ३२,७६८ होती. परिणामी, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्यांसाठी एका प्रकारच्या यंत्रावर जास्तीत जास्त तेवढ्याच किल्ल्या बनू शकत. त्या सर्व आधीच तयार करून ठेवणे कोणालाही शक्य होते. सप्टेंबर २००६ पासून वापरात आलेला हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. डेबियनवर आधारलेला उबंटूही त्यात सापडला होता. त्या काळात या संचांवर तयार झालेल्या किल्ल्या जेथे जेथे वापरल्या गेल्या होत्या तेथे तेथे त्या बदलाव्या लागल्या.

या प्रकरणाची चर्चा अनेकदा व्यक्तीच्या चुकीपाशी थांबते. सामाईक दोषनोंदीच्या दृष्टीने त्यातील बोधप्रद भाग निराळा आहे. येथे दोष लपवला गेला नव्हता. नोंद खुली होती. विचारणाही झाली होती. वितरणसंचाने मूळ प्रकल्पाचे दार ठोठावले होते. अडचण अशी की प्रश्न दोन ओळींपुरता पोहोचला, त्या ओळी कायमच्या काढून लाखो संगणकांवर पाठवल्या जाणार आहेत हा संदर्भ पोहोचला नाही. विचारणाऱ्याच्या मनात प्रसृत होणारी आवृत्ती होती. उत्तर देणाऱ्याच्या मनात दोषशोधनाचा प्रयोग असावा. प्रत्यक्ष केलेला बदल मूळ प्रकल्पाकडे रीतसर परीक्षणासाठी गेला नाही. योग्य ठिकाणी विचारले गेले होते काय, यावरही नंतर वाद झाला.

मॅलोनसारखी वही असती तर हे टळले असते काय? एका अर्थी शक्यता होती. त्या रचनेत मूळ प्रकल्पाची वेगळी ओळ असते आणि ‘आमच्या दृष्टीने हा दोषच नाही’ असे तेथे लिहिता येते. तसे लिहिले गेले असते तर दोन निवाड्यांमधील विसंगती उघडी पडली असती. परंतु रकाना असणे आणि तो विचारपूर्वक भरला जाणे यात अंतर आहे. ती ओळ भरण्याचे दायित्व कोणावरही नव्हते आणि कोणतीही वही ते लादू शकत नाही. व्यवस्था जागा देते. ती जागा भरणारा माणूस देत नाही.

७. जे टिकले त्याचे स्वरूप

सामाईकीकरणाचे सर्वच प्रयत्न फसले असे नाही. दोन प्रकारचे प्रयत्न टिकले.

पहिला प्रकार समान क्रमांकाचा. अमेरिकेतील मायटर या संस्थेने १९९९ मध्ये सुरक्षादोषांसाठी ‘सीव्हीई’ ही क्रमांकपद्धती सुरू केली. उपरोक्त ओपनएसएसएल दोषाचा क्रमांक सीव्हीई-२००८-०१६६ असा आहे. येथे चर्चा सामाईक नाही, स्थिती सामाईक नाही, वहीही सामाईक नाही. सामाईक आहे ते केवळ नाव. प्रत्येक प्रकल्प आणि वितरणसंच आपापल्या वहीत हा क्रमांक लिहितो आणि तेवढ्याने सर्वांना एकमेकांचे बोलणे कळते. ग्रंथालये अनेक आणि त्यांच्या दाखलनोंदवह्या निराळ्या असल्या तरी आयएसबीएनमुळे पुस्तकाची ओळख पटते, त्यासारखेच हे आहे. अर्थात नाव देण्याचा अधिकार हाही अधिकारच असतो. कोणता दोष सुरक्षादोष मानावा यावर मतभेद होत राहिले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स गाभ्याच्या प्रकल्पाने स्वतःच्या दोषांना क्रमांक देण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. एप्रिल २०२५ मध्ये मायटरचा अमेरिकी शासनाशी असलेला करार संपण्याच्या बेतात आला आणि शेवटच्या क्षणी मुदत वाढवून व्यवस्था सुरू ठेवावी लागली. पातळ असला तरी सामाईक धागा कोणीतरी धरून ठेवावा लागतो, याची ती जाणीव होती.

दुसरा प्रकार सामाईक संहितेचा. देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे जुळवण्याचे काम एकेकाळी ग्नोमच्या बाजूला पँगो, केडीईच्या बाजूला क्यूटी आणि ओपनऑफिसमध्ये आयसीयू असे वेगवेगळे घटक करत. म्हणजे ‘दऱ्या’ चुकत असेल तर तो तीन ठिकाणी तीन कारणांनी चुकू शकत होता आणि तीन वह्यांत नोंदवावा लागत होता. पँगो आणि क्यूटी यांतील समान मुळाची संहिता एकत्र आणण्याच्या प्रयत्नातून ‘हार्फबझ’ हा प्रकल्प उभा राहिला. पुढे तो नव्याने लिहिला गेला. ग्नोम, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांनी तो स्वीकारला. लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व व्यासपीठांवर त्याचा अवलंब केला. येथे वह्या जोडण्याचा कोणताही खटाटोप झाला नाही. संहिता एक झाली आणि त्यामुळे नोंदीचे योग्य घर एक झाले. मराठीच्या दृष्टीने हा लाभ कोणत्याही सामाईक वहीपेक्षा मोठा आहे.

याच काळात एक तिसरी गोष्ट नकळत घडली. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबवर असंख्य प्रकल्प गोळा झाले आणि एका नोंदीत दुसऱ्या प्रकल्पाच्या नोंदीचा उल्लेख केला की दोन्हीकडे आपोआप खूण उमटू लागली. सामाईक वहीचे स्वप्न साकार झाले असे वरकरणी वाटते. परंतु गिटहबची स्वतःची संहिता खुली नाही आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. लाँचपॅडवर जो आक्षेप घेतला गेला तोच येथे अधिक तीव्रतेने लागू पडतो; तरीही सोयीपुढे तो मागे पडला. रचनेच्या दृष्टीनेही हे मॅलोनच्या मागचे पाऊल आहे. गिटहबवर नोंद पुन्हा एकाच प्रकल्पाच्या मालकीची असते. दुवा केवळ उल्लेखाचा असतो. एकाच दोषाचे संदर्भागणिक भिन्न निवाडे शेजारी शेजारी मांडण्याची जी दृष्टी मॅलोनमध्ये होती ती येथे नाही. प्रकल्प एका छताखाली आले. पण खोल्यांच्या भिंती कायम राहिल्या.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ‘दोष एकच आहे’ हे विधान आरंभबिंदू नसून निर्णय आहे. तो घेण्यासाठी दोन्ही बाजूंची संहिता जाणणारा माणूस लागतो. दुसरा, मॅलोनची संकल्पना योग्य होती; तिचे अपयश मालकीचे आणि भाराच्या विषम वाटणीचे आहे, कल्पनेचे नव्हे. तिसरा, जे सामाईकीकरण कमीत कमी मागते, म्हणजे केवळ नाव, किंवा जे मुळापर्यंत जाते, म्हणजे संहिताच एक करते, ते टिकते. मधले, वह्या जोडणारे सामाईकीकरण माणसांच्या अखंड श्रमांवाचून कोरडे पडते. चौथा, २००८ चे प्रकरण दाखवते त्याप्रमाणे खुली नोंद आणि झालेली विचारणा या दोन गोष्टी मिळूनही सुरक्षिततेची हमी देत नाहीत.

या सर्वांत उपेक्षित राहिलेला घटक म्हणजे दोन टोकांमध्ये उभा असलेला दुभाषा. संहिता लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. दुसऱ्याची अपुरी तक्रार समजून घेऊन, ती तपासून, योग्य दारी पोहोचवणाऱ्याचे राहत नाही. मराठीच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. ‘दऱ्या’ चुकीचा उमटला हे सांगू शकणारे वापरकर्ते लाखो आहेत. तो टंकाचा दोष की जुळणीचा, हे तपासून नेमक्या वहीत नोंदवू शकणारे थोडे आहेत. महाविद्यालयांतील संगणक आणि भाषा या दोन विभागांना एकत्र येऊन हे काम करता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, चिकाटीची आणि दोन्ही भाषा जाणण्याची गरज आहे. वह्या जोडण्याची साधने यापुढेही येत राहतील. त्या वह्यांमधून तक्रार हातात धरून चालत जाणारा माणूस घडवणे, हे मात्र कोणत्याही साधनावर सोपवता येणार नाही.